इंग्रजी भूतकाळ आणि प्रिपोझिशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या संध्याकाळच्या बॅचला नर्स, एमआयडीसीतले सुपरवायझर, स्पर्धा परीक्षेची मुलं आणि मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आया असे सगळे एकाच बाकावर बसतात. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत, काही पालकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, म्हणजे मोठ्यानं वाचता येतील. जो प्रश्न एकदा सुटलाय तो पुन्हा सोडवलेला नाही, तिथं आधीचा क्रमांक दिलाय.

१. पास्ट टेन्समध्ये क्रियापद बदललं की त्याच्या पुढचं प्रिपोझिशनही ('फॉर', 'ॲट', 'ऑन'सारखा छोटा शब्द) बदलतं का?

नाही. 'आय वेट फॉर द बस', 'आय वेटेड फॉर द बस', 'आय विल वेट फॉर द बस'. तिन्हीकडे 'फॉर' तसंच. 'लुक ॲट'चं 'लुक्ड ॲट', 'डिपेंड ऑन'चं 'डिपेंडेड ऑन', 'थिंक ऑफ'चं 'थॉट ऑफ'. क्रियापदाचं रूप ओळखू येणार नाही इतकं बदललं तरी प्रिपोझिशन जागचं हलत नाही.

हा प्रश्न दर बॅचला येतो त्याचं कारण मात्र आपल्या मराठीत आहे. 'बंड्या मिसळ खातो' आणि 'बंड्याने मिसळ खाल्ली' ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून बघा. भूतकाळात गेल्याबरोबर बंड्याला 'ने' चिकटला, आणि क्रियापद बंड्याचं ऐकायचं सोडून मिसळीचं ऐकायला लागलं: मिसळ खाल्ली, वडा खाल्ला, थालीपीठ खाल्लं. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणून शिकवतात. म्हणजे आपल्याकडे काळ बदलला की नामाचा प्रत्ययही बदलू शकतो. ही सवय बोलायला लागल्यापासूनची, त्यामुळे इंग्रजीतही नामाच्या आसपास काहीतरी हलायला हवं असं वाटत राहतं. तिथं फक्त 'बंड्या ईट्स मिसळ' आणि 'बंड्या एट मिसळ'. बंड्याला काही चिकटत नाही, मिसळीलाही नाही. खालच्या बऱ्याच चुका याच सवयीच्या आहेत.

२. मग 'ने' आलं की 'बाय' लिहायचं, बरोबर?

बरोबर नाही. मराठीतला 'ने' चार वेगवेगळी कामं करतो. कर्त्याचा 'ने' इंग्रजीत गायब होतो: 'आईने दार उघडलं' म्हणजे 'मदर ओपन्ड द डोअर'. हत्याराचा 'ने' बहुतेक वेळा 'विथ' होतो: 'शी कट द अनियन विथ अ नाइफ'. वाहनाचा 'ने' 'बाय' होतो: 'वी वेंट टू सांगली बाय बस'. आणि 'मुळे' या अर्थाचा 'ने' क्रियापदावर अवलंबून असतो: 'तापाने गेला' म्हणजे 'ही डाइड ऑफ फीव्हर'.

वाहनाच्या बाबतीत एक गाळलेली जागा परीक्षेत हमखास येते. 'बाय'पुढे वाहनाचं नुसतं नाव चालतं. 'द', 'माय', 'अ' असं काही मध्ये आलं की 'बाय' जातं: 'आय केम ऑन द सेव्हन ओक्लॉक बस', 'आय केम इन माय ब्रदर्स कार'. आणि चालत आलो तर 'ऑन फूट'.

३. 'आय रीच्ड टू कोल्हापूर' लिहिलं तर मार्क का कापले?

कारण 'रीच'ला 'टू' लागत नाही. 'आय रीच्ड कोल्हापूर' इतकंच. मराठीत 'ला', 'शी', 'बद्दल', 'त' यांपैकी काहीतरी येतं म्हणून आपण इंग्रजीत प्रिपोझिशन घालतो, आणि नेमकी हीच क्रियापदं थेट नामाला भिडतात.

- 'एंटर्ड द रूम' ('एंटर्ड इन' नाही)
- 'डिस्कस्ड द प्रॉब्लेम' ('डिस्कस्ड अबाउट' नाही)
- 'मॅरीड हर' ('मॅरीड विथ' नाही)
- 'आस्क्ड मी', 'टोल्ड मी', 'फोन्ड मी' (तिन्हीत 'टू' नाही)
- 'आन्सर्ड द क्वेश्चन', 'अटेंडेड द मीटिंग', 'ऑर्डर्ड थ्री प्लेट्स'

गंमत अशी की याच क्रियापदांची नामं केली की प्रिपोझिशन परत येतं. 'वी डिस्कस्ड द प्राइस', पण 'वी हॅड अ डिस्कशन अबाउट द प्राइस'. 'ही रिक्वेस्टेड लीव्ह', पण 'ही मेड अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. 'दे अटॅक्ड द फोर्ट', पण 'ॲन अटॅक ऑन द फोर्ट'. चूक बहुतेक इथूनच शिरते: नामाबरोबर ऐकलेलं प्रिपोझिशन आपण क्रियापदाला लावून टाकतो.

४. पण 'एंटर्ड इंटू' आणि 'अटेंडेड टू' मी पेपरात वाचलंय. ते चूक आहे का?

चूक नाही, अर्थ वेगळा आहे. खोलीत शिरला तर 'एंटर्ड द रूम'. करार केला तर 'एंटर्ड इंटू ॲन ॲग्रीमेंट'. मीटिंगला हजर राहिली तर 'अटेंडेड द मीटिंग'. पेशंटकडे लक्ष दिलं, त्याचं काय हवं-नको बघितलं, तर 'द नर्स अटेंडेड टू द पेशंट'. बॅचमधल्या नर्सना मी सांगते, ड्यूटी रिपोर्टमध्ये हे 'टू' विसरू नका.

'मॅरीड'चंही तसंच. 'शी मॅरीड अ डॉक्टर' यात लग्न केल्याची घटना आहे. 'शी वॉज मॅरीड टू अ डॉक्टर' यात नातं आहे, तिथं 'टू' येतं. 'विथ' दोन्हीकडे नाही.

५. 'अराइव्ह्ड'ला काय लावायचं: 'ॲट', 'इन' की 'टू'?

'टू' कधीच नाही. गाव, शहर, देश असेल तर 'इन', ठिकाण किंवा इमारत असेल तर 'ॲट'. 'वी अराइव्ह्ड इन कोल्हापूर ॲट सिक्स', पण 'वी अराइव्ह्ड ॲट द बस स्टँड'. गोंधळ होत असेल तर सरळ 'गॉट टू' वापरा: 'वी गॉट टू कोल्हापूर ॲट सिक्स'. बोलताना हेच जास्त सहज येतं.

६. 'वेंट टू होम' का चालत नाही? 'वेंट टू स्कूल' तर चालतं.

'होम', 'हिअर', 'देअर', 'अपस्टेअर्स', 'अब्रॉड' या शब्दांत 'कडे' आधीच मुरलेलं आहे. मराठीतही आपण 'घरी गेलो' म्हणतो, 'घरीला गेलो' नाही. 'केम होम', 'वेंट देअर', 'रिटर्न्ड होम'. मात्र कुणाचं तरी घर म्हटलं की 'टू' परत येतं: 'वी वेंट टू माय अंकल्स हाउस'.

७. मॅडम, 'रंकाळ्यावर फिरायला गेलो' याचं 'वी वेंट ऑन रंकाळा' का नाही होत?

कारण इंग्रजी माणसाला ते तुम्ही तलावाच्या पाण्यावरून चालत गेल्यासारखं वाटेल. आपण कोल्हापूरकर 'वर' सढळ हातानं वापरतो: रंकाळ्यावर, स्टँडवर, पन्हाळ्यावर, शेतावर, फोनवर, खासबागेच्या मैदानावर. यातल्या प्रत्येक 'वर'ला 'ऑन' लावायला गेलं की निम्मी वाक्यं बिघडतात.

काठानं फिरलो तर 'वी वॉक्ड अलाँग रंकाळा', पूर्ण फेरी मारली तर 'अराउंड रंकाळा', कट्ट्यावर बसून भेळ खाल्ली तर 'वी सॅट बाय द लेक अँड एट भेळ'. स्टँडवर भेटला तर 'आय मेट हिम ॲट द स्टँड'. पन्हाळ्यावर मुक्काम केला तर 'वी स्टेड ॲट पन्हाळा', आणि पायथ्यापासून चढून गेलो तर 'वी क्लाइम्ब्ड अप टू पन्हाळा'. 'शेतावर काम केलं' याचं 'वर्क्ड ऑन द फार्म' होतं, पण 'इन द फील्ड' असंही म्हणतात. 'फार्म'ला 'ऑन', 'फील्ड'ला 'इन', एवढंच लक्षात ठेवायचं. फोनवर बोललो तर 'वी टॉक्ड ऑन द फोन', इथं मराठी आणि इंग्रजीचं जमतं. 'वेळेवर आला'चंही जमतं: 'ही केम ऑन टाइम'.

माणसांवरचा 'वर' आणखी लबाड आहे. सर माझ्यावर ओरडले: 'सर शाउटेड ॲट मी'. माझ्यावर चिडले: 'सर वॉज अँग्री विथ मी'. मित्र माझ्यावर हसले: 'माय फ्रेंड्स लाफ्ड ॲट मी'. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला: 'शी ट्रस्टेड मी', प्रिपोझिशनच नाही. त्यानं तिच्यावर प्रेम केलं: 'ही लव्ह्ड हर', तिथंही नाही. सगळीकडे मराठी प्रत्यय एकच, आणि इंग्रजीत 'ॲट', 'विथ' किंवा काहीच नाही. म्हणून माझ्या वर्गात प्रत्ययांचा तक्ता नाही. क्रियापद आणि त्याचं प्रिपोझिशन एका दमात म्हणायचं, 'शाउटेडॲट' असा जोडशब्द असल्यासारखं.

८. तारीख, वार, वर्ष यांच्या आधी काय लावायचं?

एक वाक्य पाठ करा, त्यात बहुतेक सगळं येतं: 'शाहू महाराज वॉज बॉर्न ॲट लक्ष्मी विलास पॅलेस इन कसबा बावडा ऑन ट्वेंटी-सिक्स्थ जून, एटीन सेव्हंटी-फोर'. इमारतीला 'ॲट', गावाला 'इन', पूर्ण तारखेला 'ऑन'. नुसतं १८७४ असतं तर 'इन'. 'ही डाइड इन मुंबई इन नाइन्टीन ट्वेंटी-टू' यात दोनदा 'इन' आला तरी चालतो, एक गावाचा आणि एक वर्षाचा.

वाराला 'ऑन', घड्याळाच्या वेळेला 'ॲट'. 'इन द मॉर्निंग', पण 'ऑन मंडे मॉर्निंग', आणि रात्र मात्र 'ॲट नाइट'. सणाचा दिवस असेल तर 'ऑन दसरा', सणाचे दिवस असतील तर 'ॲट दिवाळी'. 'यस्टरडे', 'लास्ट मंडे', 'लास्ट इयर' यांच्या आधी काहीही नाही. 'यस्टरडे नाइट' हे आपलं भाषांतर आहे, इंग्रजीत 'लास्ट नाइट'.

९. 'दोन वर्षांपूर्वी' याचं 'बिफोर टू इयर्स' होतं ना?

नाही, 'टू इयर्स अगो'. ही चूक इतकी पसरली आहे की 'पूर्वी' ऐकलं की हात आपोआप 'बिफोर' लिहितो. आजपासून मागं मोजायचं असेल तर 'अगो', आणि तो काळाच्या मागं येतो. प्रभात या चित्रपट कंपनीचं उदाहरण घ्या: 'प्रभात वॉज फाउंडेड इन कोल्हापूर मेनी इयर्स अगो'. 'बिफोर' दुसऱ्या घटनेच्या आधी सांगायला: 'प्रभात वॉज फाउंडेड इन कोल्हापूर इन नाइन्टीन ट्वेंटी-नाइन, फोर इयर्स बिफोर इट मूव्ह्ड टू पुणे'. कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली, तिथून मागं चार वर्षं, म्हणून 'बिफोर'.

१०. 'फॉर' आणि 'सिन्स' यांत माझा कायम गोंधळ होतो.

कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स'. हे सगळ्यांना पाठ असतं, घोळ क्रियापदात होतो. 'आय वर्क्ड इन अ बँक फॉर थ्री इयर्स' म्हणजे तुम्ही नोकरी सोडलीत. 'आय हॅव वर्क्ड इन अ बँक फॉर थ्री इयर्स' म्हणजे अजून तिथंच आहात. मुलाखतीत पहिलं वाक्य बोललात तर समोरचा लगेच विचारतो, का सोडली? 'सिन्स' या अर्थानं आला की मुख्य क्रियापद बहुधा 'हॅव वर्क्ड'सारखं लागतं, साधं 'वर्क्ड' नाही.

११. 'पाचपर्यंत'चं 'बाय फाइव्ह' की 'टिल फाइव्ह'?

मराठीत 'पर्यंत' एकच असल्यामुळे मुलं इथं नाणं उडवतात. काम तोपर्यंत सलग चालू होतं तर 'टिल': 'वी वेटेड टिल फाइव्ह'. काम तोपर्यंत एकदाचं उरकलं तर 'बाय': 'वी फिनिश्ड बाय फाइव्ह'. साडेचारला उरकलं असलं तरी 'बाय फाइव्ह' खरंच.

१२. प्रश्नात आणि नकारात 'डिड' आलं की प्रिपोझिशन कुठं जातं?

क्रियापद मूळ रूपात येतं, प्रिपोझिशन त्याच्या मागोमागच राहतं. 'आय डिड नॉट वेट फॉर हिम'. प्रश्नात ते शेवटी उरतं: 'हू डिड यू वेट फॉर?', 'व्हॉट डिड दे लाफ ॲट?', 'व्हिच रूम डिड यू स्टे इन?' वाक्य प्रिपोझिशननं संपवू नये असं काही शिक्षक अजून सांगतात. 'फॉर हूम डिड यू वेट?' हे कागदावर शोभतं, पण मंडईत कुणी असं बोलत नाही. शेवटी ठेवलं तर चूक नाही. गाळलं तर मात्र नक्की चूक.

१३. पॅसिव्हमध्ये दोन प्रिपोझिशन एकत्र आली तर एक काढायचं का?

अजिबात नाही, आणि मुलांचे मार्क इथंच जातात. 'आजी लुक्ड आफ्टर द बेबी' याचं 'द बेबी वॉज लुक्ड आफ्टर बाय आजी'. 'आफ्टर' क्रियापदाचा, 'बाय' आजीचा. 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय हिज फ्रेंड्स' हेही बरोबरच. कानाला खटकतं म्हणून 'ॲट' गाळलं की अर्थच जातो.

आणि प्रत्येक पॅसिव्हला 'बाय' लागत नाही. 'द पॉट वॉज फिल्ड विथ वॉटर', 'आय वॉज सरप्राइज्ड ॲट द न्यूज', 'शी वॉज इंटरेस्टेड इन रेसलिंग'. 'नोन' तर मागं काय येतं त्यावर रंग बदलतो. गूळ, चप्पल, कुस्ती यांसाठी कोल्हापूर 'वॉज नोन फॉर'. एखाद्याला 'आप्पा' म्हणून ओळखत असतील तर 'ही वॉज नोन ॲज आप्पा'. पोलिसांना माहीत असेल तर 'ही वॉज नोन टू द पोलीस', आणि तिथं फारसं कौतुक नसतं.

१४. प्रिपोझिशनच्या पुढं व्ही-टू (क्रियापदाचं भूतकाळी रूप) आलं तर चालेल? 'आफ्टर एट डिनर' असं?

चालत नाही. प्रिपोझिशनपुढं क्रियापद हवंच असेल तर 'इंग'वालं: 'आफ्टर ईटिंग डिनर, वी वेंट आउट', 'ही लेफ्ट विदाउट टेलिंग मी'. सगळी गोष्ट भूतकाळातली असली तरी इथं भूतकाळ दाखवायचा नसतो, तो 'वेंट' आणि 'लेफ्ट' सांभाळतात.

'आफ्टर वी एट डिनर' मात्र बरोबर आहे. कर्ता मध्ये आला की 'आफ्टर' प्रिपोझिशन राहत नाही, जोडणारा शब्द होतो. 'बिफोर', 'सिन्स', 'टिल' यांचंही तसंच. 'विदाउट'चं तसं होत नाही.

१५. 'यूज्ड टू' आणि 'वॉज यूज्ड टू' एकच आहे का?

दोन वेगळी माणसं. 'आय यूज्ड टू गो टू द तालीम' म्हणजे पूर्वी तालमीत जायचो, आता जात नाही. 'आय वॉज यूज्ड टू गेटिंग अप ॲट फोर' म्हणजे पहाटे चारला उठायची सवय होती. पहिल्यातला 'टू' प्रिपोझिशन नाही, म्हणून साधं क्रियापद. दुसऱ्यातला आहे, म्हणून 'इंग' (प्र. १४). 'डिड'बरोबर पहिल्याचं 'डिड यू यूज टू' होतं, 'डी' जातो.

१६. 'थ्रू' (म्हणजे फेकलं) याच्या पुढं 'टू' किंवा 'ॲट', कुठलंही लिहिलं तर काय बिघडतं?

भांडण होईल. 'ही थ्रू द बॉल टू मी' म्हणजे मी झेलावा म्हणून टाकला. 'ही थ्रू द बॉल ॲट मी' म्हणजे मला लागावा म्हणून मारला. 'शाउटेड टू मी' म्हणजे लांबून हाक मारली, 'शाउटेड ॲट मी' म्हणजे झापलं. 'आस्क्ड द वेटर' म्हणजे वेटरला विचारलं, 'आस्क्ड फॉर पांढरा रस्सा' म्हणजे मागवला. 'रॅन इन द पार्क' म्हणजे बागेतल्या बागेत धावला, 'रॅन इंटू द पार्क' म्हणजे बाहेरून आत.

१७. 'पिक्ड अप इट' ला लाल रेघ का मारली?

'अप' इथं प्रिपोझिशन नाही, क्रियापदाचाच तुकडा आहे. अशा जोडीत सर्वनाम मध्ये बसतं: 'पिक्ड इट अप', 'टर्न्ड इट ऑफ', 'लुक्ड इट अप'. नाम असेल तर दोन्हीकडे चालतं: 'टर्न्ड ऑफ द फॅन', 'टर्न्ड द फॅन ऑफ'. खऱ्या प्रिपोझिशनमध्ये हे होत नाही: 'लुक्ड ॲट इट', 'वेटेड फॉर इट'.

१८. आमच्या फाउंड्रीतून गेलेला हा ईमेल तपासाल का?

शिरोलीच्या एका सुपरवायझरनी नावं काढून पाठवला होता, त्यांच्या परवानगीनं देते:

'आय डिस्कस्ड अबाउट द रिजेक्शन विथ अवर टीम. वी रिसीव्ह्ड युअर ड्रॉइंग बिफोर टू डेज. वी सेंट फिफ्टी कास्टिंग्ज ऑन लास्ट मंडे बाय अवर टेम्पो. युअर सिक्युरिटी टोल्ड टू द ड्रायव्हर टू वेट. ही रिटर्न्ड बॅक विदाउट गॉट अ सिग्नेचर.'

'अबाउट' काढा (प्र. ३), पण 'विथ अवर टीम' तसंच ठेवा, कुणाबरोबर चर्चा केली ते सांगायला 'विथ' हवंच. 'टू डेज अगो' (प्र. ९). 'लास्ट मंडे'आधी 'ऑन' नको (प्र. ८). 'इन अवर टेम्पो' (प्र. २). 'टोल्ड द ड्रायव्हर टू वेट': पहिला 'टू' गेला, दुसरा राहिला, कारण तो 'वेट'चा आहे. 'विदाउट गेटिंग अ सिग्नेचर' (प्र. १४). 'रिटर्न्ड'मध्ये 'परत' आहेच, त्यामुळे 'बॅक' जास्तीचं. बाकी ईमेल छान आहे. लहान वाक्यं, एका वाक्यात एक काम. पुष्कळ इंजिनिअरांना एवढंही जमत नाही.

१९. 'रोट मी अ लेटर' की 'रोट टू मी'? नेटवर दोन्ही दिसतं.

'रोट मी अ लेटर' दोन्हीकडे चालतं, कारण काय लिहिलं ते वाक्यात आहे. नुसतं 'ही रोट मी' अमेरिकेत चालतं, ब्रिटिश वळणात 'ही रोट टू मी'. अमेरिकेत फॉर्म 'फिल्ड आउट' करतात, ब्रिटनमध्ये 'फिल्ड इन'. ब्रिटनमध्ये 'ॲट द वीकेंड', अमेरिकेत 'ऑन द वीकेंड'. शाळेच्या पेपरात ब्रिटिश वळण धरा. ऑफिसात समोरची कंपनी जे वापरते ते धरा.

२०. 'आय पास्ड आउट फ्रॉम कॉलेज इन २०१९' यात काय चूक?

भारतात सगळे समजतात. बाहेर 'पास्ड आउट' म्हणजे शुद्ध हरपली, लष्करी अकादमीचा अपवाद सोडला तर. परदेशी अर्जात 'आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम शिवाजी युनिव्हर्सिटी इन २०१९' लिहा. त्याच रांगेतलं दुसरं: 'कोप्ड अप विथ' नाही, 'कोप्ड विथ'. आणि अपघात झाला तर 'मेट विथ ॲन ॲक्सिडेंट' बरोबर आहे, तिथं 'विथ' काढू नका. मित्राला भेटलात तर मात्र 'मेट माय फ्रेंड'.